अशक्तासुराचं अंडं

सोनगीरचा भटू नथू बोरसे तीस वर्षं तमाशात सोंगाड्या होता आणि त्याचा परिणाम त्याच्या खाजगी आयुष्यावरही झाला होता. वडिलांच्या दशक्रियेला तो रडू लागला, तेव्हा नदीकाठी बसलेल्या भाऊबंदांपैकी निम्मे हसले आणि उरलेल्यांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला. भटूला राग आला नाही. तोंडच तसं होतं.

एकाहत्तर साली फड मोडला. बावन्नाव्या वर्षी दुसरं काही शिकण्याजोगं उरलं नव्हतं, म्हणून तो धुळ्याच्या सरकारी कलापथकात मानधनावर लागला. पथकाचे प्रमुख खैरनारसाहेब आरोग्यप्रचाराचे अधिकारी होते आणि मनानं कवी होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्यामुळे 'अशक्तासुरवध' हे नाटक जन्माला आलं. प्राथमिक शाळेतल्या मुलांना सकस आहार कळावा, हा हेतू. अशक्तासुर गावातल्या पोरांचं रक्त शोषतो. दूध, पालेभाजी आणि शेंगदाणे ओळीनं येऊन पदं म्हणतात आणि त्याला दमवतात. शेवटी प्रेक्षकांतलं एक पोर उठतं, सगळ्यांदेखत उकडलेलं अंडं खातं आणि असुर धाडकन पडतो. ज्या शाळेत मारवाडी व्यापाऱ्यांची मुलं असतील, तिथं अंड्याऐवजी केळं. असुर केळ्यानंही तितकाच मरे.

असुर अर्थात भटू. पुठ्ठ्याचा मुखवटा लावून तो डरकाळी फोडायचा आणि मुलं हसून लोळायची. धुळ्यातल्या एका शाळेत तर तो मेल्यावर दुसरीच्या वर्गानं त्याला पुन्हा पडायला लावलं.

बहात्तरचा पाऊस आला नाही. हिवाळ्यात साहेबांनी पथकाला बोलावून सांगितलं, "वरून आकडे मागितलेत. पाड्यांवरच्या तीन शाळा निवडायच्या. प्रयोगाआधी पोरांची वजनं घ्यायची, दोन महिन्यांनी परत घ्यायची. वाढली, तर नाटक जिल्हाभर. नाही वाढली, तर पथक बंद आणि भटूनाना, तुम्ही मोकळे."

"पन साहेब, दुष्काळात वजन वाढंल कसं?"

"म्हणून तर नाटक आहे."

भटूला हे पटलं, हीच त्याची अडचण होती. पोरांना शाळेत सुकडी, म्हणजे दुष्काळातलं सरकारी पौष्टिक पीठ, मिळत होती. पाड्यांवर घरोघर दोन-चार कोंबड्या होत्या, आणि त्यांची अंडी बाजारात विकून माणसं रेशनची मिलो ज्वारी आणत होती. त्यातलं एखादं अंडं पोराच्या पोटात गेलं, तर फरक पडेल, असं त्याला मनापासून वाटे. पण हसणारं पोर काही मनावर घेत नाही. ते घाबरलं पाहिजे. आयुष्यात एकदा तरी आपल्याला कोणी घाबरावं, ही इच्छाही त्यात मिसळलेली होती. ती त्यानं साहेबांना सांगितली नाही.

म्हणून तो पिंपळनेरला गेला. तिथल्या डोंगराकडच्या गावांत चैत्रात भोवाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून माणसं रात्रभर नाचतात. ते मुखवटे कोरणारा चिंधा नावाचा म्हातारा बाजेवर बसला होता.

"कोनता देव शे?" चिंधानं विचारलं.

"देव नही, आबा. राक्षस शे. पोरेसले आजारी पाडस."

"राक्षस बी देवच ऱ्हास. त्याले बी नारळ लागस. आनेल शे का?"

भटूनं नारळ आणला नव्हता. चिंधानं तो स्वतःच्या खर्चानं फोडला, कारण काम अर्धवट ठेवायची त्याला सवय नव्हती. पंधरा दिवसांनी मुखवटा मिळाला. काळा, दात बाहेर आलेले, गाल आत ओढलेले. भटूनं तो घरात लावून पाहिला, तेव्हा त्याची बायको लताबाई काही बोलली नाही, आणि हे त्यांच्या संसारात प्रथमच घडत होतं.

पहिला प्रयोग निंबारपाड्याच्या शाळेत झाला. आधी वजनं झाली. पिंपळनेरच्या माणकचंद शेठकडून धान्याचा मोठा काटा मागून आणला होता. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात लोखंडी मापं. मग नाटक. मुलांमागे त्यांच्या आया बसल्या होत्या. भटू डरकाळी फोडत आला आणि सगळं अंगण गप्प झालं. आतून त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तीस वर्षांत इतकी शांतता त्यानं कधी मिळवली नव्हती.

अंड्याचा प्रवेश आला. सोमी नावाची दुसरीतली मुलगी पुढे उभी केली होती. साडेचौदा किलो भरली होती. तिच्या हातात अंडं दिलं. तिनं ते खायचं होतं. ती मुखवट्याकडे बघत राहिली. शेंगदाणे झालेल्या नटानं हळूच म्हटलं, "खाय ना वं माय." सोमी हलली नाही. मग तिनं दोन्ही हात पुढे केले आणि अंडं अशक्तासुरापुढे धरलं.

प्रवेश असा उघडा पडलेला भटूला बघवत नसे. फडात एक नियम होता : समोरचा चुकला, तर तू सावर, पण खेळ थांबू देऊ नकोस. त्यानं सावरलं. अंडं उचललं, मुखवट्याच्या तोंडातून आत सारलं, गिळलं आणि धाडकन पडला. दिवाळीनंतर खाल्लेलं ते त्याचं पहिलंच अंडं होतं. पडल्या पडल्या त्याला ते छान लागलं.

बायकांनी हात जोडले. साहेबांनी वहीत लिहिलं : 'प्रेक्षकांवर खोल परिणाम.'

दोन महिन्यांनी पथकाची जीप परत आली, तेव्हा हा परिणाम किती खोल होता, ते कळलं. शाळेच्या वाटेवर उंबराखाली एक दगड शेंदूर लावून उभा होता. त्याच्या आसपासची कुत्री आणि कावळे दुष्काळाच्या मानानं चांगलेच सुधारलेले दिसत होते. गुरुजींनी सांगितलं, दर मंगळवारी सगळा पाडा तिथं अशक्तासुरासाठी अंडी ठेवतो. मुलं सुकडी पळसाच्या पानात बांधून घरी नेतात, त्यातलाही वाटा तिथंच जातो. "मी सांगून पाहिलं," गुरुजी म्हणाले. "ते म्हणतात, अंडं मिळाल्यावरच तो पडला, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

वजनं झाली. सोमी साडेतेरा. तिच्यामागचा मुलगा पाऊण किलो कमी. साहेब आकडे लिहीत गेले आणि भटू काट्याची दांडी धरून उभा राहिला. एकाही पोराचं पारडं आधीच्या मापाला पुरलं नाही.

तेवढ्यात बायका सुपं घेऊन आल्या. सुपांत अंडी, सुकडी, थोडे शेंगदाणे. सोमीच्या आईनं आपलं सूप भटूच्या पायापाशी ठेवलं.

भटू खाली बसला. "अक्का, मी भटू शे. सोनगीरना. तमासामा नाचे. तो मुखवटा लाकूडना शे."

"माहीत शे, भाऊ."

"ते अंडं मी खादं. मीच. भूक लागेल व्हती."

"तुमीन खादं, म्हनीसन तर तो गया." ती समजावल्यासारखं बोलली. "आते तो परत उना तं रिकामा कसा धाडवा?"

"पोरले दे. मन्हादेखत दे."

त्यानं सुपातलं अंडं उचलून सोमीपुढे धरलं. सोमी आईच्या मागे गेली. बायकांत कुजबूज झाली. एक म्हातारी उठून म्हणाली, "घेत नही तो. रागे भरेल शे. आनखी आना रे." दोघी-तिघी घरांकडे पळाल्या.

भटूला तेव्हा सगळं नीट कळलं. न घेतलं, तर असुर रागावलेला आहे आणि घरात उरलेलंही त्याच्याकडे येणार. घेतलं, तर एवढंच जाणार. तो सुपं जीपमध्ये चढवायला उठला.

"काय करताय, नाना?" साहेबांनी विचारलं.

"वाचवतोय साहेब. जेवढं वाचंल तेवढं."

साहेबांना संदर्भ लागला नाही. त्यांना दुसरंच सांगायचं होतं. "चिंता करू नका. आकड्यांचं खापर दुष्काळावर फोडता येतं. नाटकाचा प्रभाव तर दिसतोच आहे. आणखी चाळीस पाड्यांवर न्यायला मंजुरी मिळेल. मुखवटा जपून ठेवा."

"मी नाही करनार, साहेब."

"मग दुसरा करेल. मुखवट्यात कोण आहे, हे कुठं दिसतं?"

भटू मागच्या बाकावर अंड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसला. बायका हात जोडून उभ्या होत्या. पोरं खूश होती, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे अशक्तासुर जेवून चालला होता. सोमी सगळ्यांत पुढे उभी राहून हात हलवत होती.

जीप चालवणारा असलम मागे न बघता म्हणाला, "नाना, अंडी फुटतील. हळू घेतो."

त्यानं गाडी फार हळू घेतली. त्यामुळे ती पोरं बराच वेळ दिसत राहिली.