शह म्हणायचं असतं

सोसायटीच्या बाकावर शेजारचे दामूकाका नातीशी बुद्धिबळ खेळत होते. काकांना आता कमी दिसतं; मोहरा बोटांनी चाचपून मगच ते खेळतात. रेवाने घोडा पुढे टाकून राजाला शह दिला, पण काका भलतंच प्यादं सरकवू लागले.

“आजोबा, तुमचा राजा चालला!” ती हसली.

“अगं, मग शह म्हणायचं असतं ना!” काका चिडले.

“क्लासमधले सर म्हणतात, गप्प खेळायचं.”

मला त्या सरांचा रागच आला. हा खेळ इथून इराणात गेला, अरबांनी उचलला, पुढे युरोपात पोचला. वाटेत वजिराची राणी झाली. आज आपण ज्याला उंट म्हणतो, तो कुठे धर्मगुरू झाला, कुठे विदूषक. ज्याने त्याने त्याला आपल्या घरचे कपडे चढवले. पण राजावर चालून जाताना आधी त्याला सावध करायचं, एवढी माणुसकी मात्र एकमेकांशी लढणाऱ्या मुलखांनीसुद्धा जपून पुढे दिली.

रेवा काकांच्या चाचपडणाऱ्या बोटांकडे बघत राहिली. पुढची खेळी करून ती त्यांच्या कानाशी वाकली.

“आजोबा, शह. डावीकडून, उंटाचा.”