विभूती लावलेली चांदणी

माझ्या हातून आयुष्यात एकच मांजर हरवली, आणि त्याच दिवशी तीन सापडल्या.

नीट बघितलं तर यात घरादाराचा फायदाच झाला. पण आमच्या घरात कुणी नीट बघेल तर शपथ! सगळे अजून त्या हरवलेल्या एकीचंच नाव काढतात.

त्या एकीचं नाव चांदणी. रंगानं म्हणाल तर तव्याच्या बुडासारखी काळी. माझा मुलगा पुण्याला असतो. त्याची लेक अन्वी, म्हणजे माझी नात, तिनं हे नाव ठेवलेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात वाढलेली मांजर, जन्मात पायाला माती लागलेली नाही. उंदीर तिनं बघितला होता, पण टीव्हीवर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सून मंजिरी, अन्वी आणि टोपलीत बसलेली चांदणी अशा तिघी आमच्याकडे सेलूला आल्या. एरवी अन्वी दोन दिवसांत "आजी, इथं फार उकडतं गं" म्हणून पुण्याचा रस्ता धरायची. या साली मात्र तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आजी, चांदणीला इथं करमलं ना, तर मी अख्खी सुट्टी तुझ्याकडेच राहीन."

आता सांगा! एवढी वर्षं मी शिरा केला, थालीपीठं केली, आंब्याचा रस केला, पण पोरगी काही थांबली नाही. आणि सगळं येऊन अडलं कुठं, तर मांजरीच्या मर्जीवर! मग मी तरी कशाला कमी करते? चांदणीची अशी बडदास्त ठेवली, अशी ठेवली, की आमचे आप्पा (म्हणजे माझे मालक. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते, मग मीच कशाला वेगळं म्हणू?) एकदा ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"मांजरीचं जेवण आटपलं असंल तर मलाबी वाढ म्हणावं."

तेवढ्यात सुनेच्या मावसभावाचं नांदेडला लग्न निघालं. मांजरीला लग्नाला कसं न्यायचं? तिला माझ्याकडं ठेवायचं ठरलं. निघताना अन्वीनं तिचे दहा मुके घेतले आणि मंजिरीनं मला दहा सूचना दिल्या.

"आई, ही घरातली मांजर आहे. एकदा बाहेर पडली की तिला परतीचा रस्ता कळायचा नाही. दार तेवढं उघडं ठेवू नका."

"अगं, मी चार लेकरं वाढवली," मी म्हणाले. "एक तरी हरवलं का?"

"धाकटा हरवला होता," आतून आप्पा. "जिंतूरच्या बाजारात."

"सापडला होता की!"

"पोलिसाला सापडला होता. तू बांगड्या भरायली होतीस."

असली माणसं असतात घरात. असो.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. आमचं लिंगायताचं घर. सकाळी आंघोळ करून मी देवघरात बसते, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करते, आणि उठले की घरात जो समोर दिसेल त्याच्या कपाळाला विभूती लावते. आप्पांना लावते, दूधवाल्याला लावते. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही एकदा लावली होती (तो बिचारा आकडा घ्यायचा सोडून पाया पडून गेला). चांदणी पहिल्या दिवशी पूजेला माझ्यापुढं येऊन बसली आणि म्याँव म्याँव करायला लागली. मी डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं. "देवापुढं आवाज न्हाई!" दुसऱ्या दिवशी पठ्ठी गप्प! शेपटी पायाशी गुंडाळून अशी बसली, जशी काही कीर्तनाला आलीये. मला लय कौतुक वाटलं. मी तिच्याही कपाळाला तीन बोटं विभूती ओढली. काळ्या कपाळावर काय खुलून दिसली म्हणता!

"आता तिला लिंगपूजा शिकव," आप्पा म्हणाले. "माझी तर तू आशा सोडलीस."

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं दोघी परत येणार होत्या. त्या सकाळी पूजा झाली, विभूती झाली, आणि मी कुरडयांचा चीक घेऊन गच्चीवर गेले. वर-खाली, वर-खाली अशा माझ्या चकरा चालू. मागचं दार मी दर वेळी लावलं होतं, असं मी आजही म्हणते. (आप्पा काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.) सगळं उरकून दुधाची वाटी घेऊन हाक मारली, "चांदणी!" तर घर चिडीचूप.

पलंगाखाली बघितलं. कूलरच्या मागं बघितलं. गव्हाच्या कोठीत वाकून बघितलं, तर मीच अडकले. आप्पांनी ओढून काढलं.

"देवघरात बघितलंस का?" ते म्हणाले.

"देवघराला पूजा झाल्यावर कडी घातलीय मी, माझ्या हातानं. सासूबाईंच्या काळापासून ती कडी दिवेलागणीलाच निघती. आन् आता असल्या घामानं, धुळीनं भरलेल्या अंगानं देवघर उघडू? माझ्या देवघरात काय हाय ते मला म्हाईत न्हाई का?"

"बरं बाई," आप्पा म्हणाले. "तुला म्हाईत हाय."

मी पदर खोचला आणि तशी रस्त्यावर! उन्हानं डांबर पातळ व्हायच्या बेतात होतं. समोरच्या शकीला भाभी दारात चटई सुकवायल्या होत्या.

"क्या हुआ काकू? इत्ती धूप में कां जारे?"

"चांदणी पळाली हो भाभी!"

"हाय अल्ला! किसके संग?"

"कुणासंग न्हाई! मांजर हाय ती, आमच्या अन्वीची!"

भाभींनी चटई टाकली आणि निघाल्या माझ्यासंगट. आम्ही दोघी गटारीपाशी वाकतोय, गाड्यांखाली वाकतोय, लोकांच्या ओट्याखाली वाकतोय. एवढ्यात कोपऱ्यावरून भंगारवाल्याचा गाडा आला. त्याच्या गाड्यावर भोंगा! मला एकदम सुचलं. (मला सुचलं की आप्पा घाबरतात. त्याचं कारण वाचणाऱ्याला पुढं कळेल.) मी त्याच्या हातातून माईकच घेतला.

"ऐका हो ऐका! कापडवाल्या आप्पांच्या घरून बोलायलेय. आमची मांजर हरवलीय. काळी हाय, कपाळाला विभूती हाय. घरातली हाय, बाहेरचं तिला काई कळत न्हाई. जो कुणी आणून देईल त्याला घरी बसवून पुरणपोळीचं जेवण! वर तूप पाहिजे तेवढं!"

माईक परत दिला. भोंगा लगेच पुढं म्हणाला, "लोहा, प्लास्टिक, पुराना कूलर..." पण पुरणपोळी तोवर गल्लीभर पोचली होती.

पहिली मांजर मीच धरली. पिठाच्या गिरणीमागं पोत्यावर झोपली होती. काळी, मोठी, तोंड फुगलेलं. विभूती नव्हती, पण ती काय, पुसली असेल. मी पदरात गुंडाळून घरी आणली. हातावर आठ ओरखडे आले, तरी मी म्हणते, प्रेमानं मारले.

आप्पांनी चष्मा लावून तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"हा बोका हाय."

"मांजर घाबरली की तशी दिसती," मी म्हणाले, आणि त्याच्या कपाळाला ताजी विभूती लावली.

तितक्यात नागनाथ किराणावाला दारात. त्याच्या हातात पोतं, पोत्यात मांजर. "काकू, घ्या तुमची चांदणी! कपाळाला विभूती बघा, जशीच्या तशी!" बघते तर काय, तीन पट्टे असे आखीव, जणू फूटपट्टी धरून काढलेले. एवढी नीट विभूती आमच्या मठातल्या स्वामींच्याही कपाळाला नसते. मी वाकून वास घेतला. चंदनाची पावडर! लहान लेकरांना घामोळ्यावर लावतात ती!

"नागनाथ, ही विभूती हाय?"

"काकू, उन्हाळा हाय ना," तो चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाला. "पुरण कधी टाकायलात?"

हाकलून द्यावं असं मनात आलं. पण म्हटलं, न जाणो, पावडरीखाली आपलीच निघाली तर? ठेवून घेतली. तिसरी शकीला भाभींनी आणली, त्यांच्याच गच्चीवरून. ही तर पोट जमिनीला टेकवत चालायली.

"भाभी, ही पोटुशी हाय की!"

"तो क्या हुआ काकू? काली हय ना?"

आप्पा माझ्या कानाशी आले. "सकाळपर्यंत तर चांदणी सडपातळ होती. तुझ्या हातचं खाऊन अशी झाली म्हणावं का?"

तिघींना (म्हणजे दोघी आणि एक बोका) माजघरात कोंडलं. पाच मिनिटं शांतता. मग आतून असे आवाज आले की मोटारसायकलवर जाणारा माणूस थांबून विचारता झाला, "आप्पा, घरात सगळं बरंय ना?" आत दह्याचं गाडगं गेलं. माझा आरसा गेला. कुरडयांचा उरलेला चीक बोक्याच्या अंगावर पडला आणि तो काळ्याचा कबरा झाला.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. व्हिडिओ कॉल! मंजिरी आणि अन्वी, मागं रेल्वेची खिडकी.

"आजी, चांदणी दाखव ना!"

मी त्यातल्या त्यात शांत म्हणून पोटुशीवर फोन धरला. लांबून, अंधारात.

"आजी, तिचे डोळे हिरवे आहेत ना? हे पिवळे कसे दिसतायत?"

"उन्हानं, बाई. इथं सगळंच पिवळं पडतं."

"आणि ती एवढी जाड..."

"आवाज येईना गं!" असं म्हणून मी फोन बंद केला. बंद होता होता मंजिरीचा आवाज आलाच, "आई, मानवत रोड गेलं, पोचतोच आम्ही."

मानवत रोडनंतर सेलूच! दिवसभर मी कुणाचंच ऐकत नव्हते, पण आता खरं काय ते मला कळलं. मांजर गेली, पोरीची सुट्टी गेली, आणि पुढच्या वेळी "आजी, तुझ्यावर सोडून जाते" म्हणून कुणी काही सोडून जाणार नाही. ओट्यावर बसून मी पदर डोळ्याला लावला. आप्पांनी तांब्या भरून पाणी दिलं.

रिक्षा दारात आली. अन्वी चपला न काढताच आत! माजघराचं दार उघडलं. तीन मांजरी, तिघींच्या कपाळाला विभूती (पोटुशीला मघाशी मीच लावली होती, भेदभाव नको म्हणून). अन्वीनं एकेकीकडं बघितलं आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"आजी, यात एकही चांदणी नाहीये."

एखाद्या सुनेनं अशा वेळी काय काय बोललं असतं, ते सगळं मंजिरी नुसतं उभं राहून बोलली.

दिवे लागायची वेळ झाली होती. मी उठले. म्हटलं, आता देवापुढंच जाऊन रडावं. आंघोळ केली, लुगडं बदललं, आणि देवघराची कडी काढली.

आत थंडगार शहाबादी फरशीवर, माझ्या पूजेच्या आसनावर, चांदणी! शेपटी पायाशी गुंडाळलेली. कपाळावर सकाळची विभूती, जरा पुसट. नैवेद्याच्या वाटीतलं दूध संपलेलं, केळ्याचा अर्धा भाग बहुतेक देवासाठी ठेवलेला. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पूजेला उशिरा आलेय.

सकाळी मी कडी घालताना ती आतच राहिली होती!

"पण आजी," तिला छातीशी घेऊन अन्वी रडत हसत म्हणाली, "दिवसभर ही ओरडली कशी नाही? तू तर एवढ्या हाका मारल्या असशील!"

चार लेकरांना जन्मभर सांगून जमलं नाही ते तिला दोन दिवसांत जमलं होतं. देवापुढं आवाज नाही! दाराच्या पलीकडं मी गल्ली डोक्यावर घेतली, आणि ती माझीच शिकवण पाळत बसली.

"बोला," मी आप्पांना म्हणाले. "बोलून टाका एकदाचं."

"मी कशाला बोलू?" आप्पा म्हणाले. "तुझ्या देवघरात काय हाय ते तुला म्हाईत हाय."

पुरण मात्र शिजवावं लागलं. शब्द दिला होता ना, तोही भोंग्यावर! नागनाथ सहकुटुंब आला, शकीला भाभी आल्या, आणि भंगारवालासुद्धा येऊन बसला. "माईक माझाच होता ना काकू," म्हणाला.

बोका भिंतीवरून परत गिरणीला गेला आणि नागनाथची मांजर पोत्यासकट त्याच्या घरी. पोटुशी मात्र राहिली. आठवड्यात तिला चार पिलं झाली, आणि अन्वी अख्खी सुट्टी सेलूला राहिली. उकडतं म्हणून एकदाही बोलली नाही. मी घरात सगळ्यांना सांगते, बघा, मी म्हणलं होतं ना, तिला इथं करमवते म्हणून! सगळे नुसते देवघराच्या कडीकडं बघतात.

पोटुशीला मी अजून रोज विभूती लावते. त्यामुळं आमच्या गल्लीत काळी मांजर आडवी गेली तर आता कुणी थांबत नाही. हात जोडतात आणि पुढं जातात. थांबतात ते मी आडवी गेल्यावर. "काकू," लांबूनच विचारतात, "आज काय हरवलंय? आन् देवघरात बघितलंत का?"