मेजरसाहेबांचा कर्नल

चहा आधी संपवून घ्या. ही हकीकत ऐकताना घोट घशात अडकलेला एक गृहस्थ मला माहीत आहे आणि त्याचं खापर अजून माझ्यावर फोडलं जातं.

चौतीस वर्षं कारकुनी केली. चुका बक्कळ केल्या. पण कागदावरची चूक खोडता येते, बाजूला बारीक सही मारली की झालं. माझी सगळ्यात मोठी चूक मात्र चार पायांवर धावत गेली, नदी ओलांडून गेली आणि तोंडात पुरावा घेऊन परत आली. आता अशी चूक खोडायची कुठे, तुम्हीच सांगा.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकते कारखाने उभे राहू लागले होते. त्यातल्या एका कारखान्यात मी हंगामी कारकून होतो आणि चिंचवड गावात दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं. हंगामी म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. सासऱ्यांचं दर पंधरवड्याला कार्ड यायचं आणि त्यात क्षेमकुशलाच्या आधी एकच ओळ असायची, ‘कायम झालात का?’ माझी उमेदवारी माघात संपत होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरायचं मॅनेजरसाहेबांच्या एका शेऱ्यावर.

हे मॅनेजर म्हणजे मेजरसाहेब. बेळगावकडचे, लष्करातून निवृत्त झालेले. मिशा अशा की त्यांच्यासमोर टाइपरायटरसुद्धा हळू वाजायचा. कर्नल व्हायचं त्यांचं थोडक्यात राहून गेलं होतं. म्हणून की काय, त्यांनी शिकारीसाठी एक पिल्लू आणलं, तपकिरी-पांढरं, लांब कानांचं, आणि त्याचं नाव ठेवलं कर्नल. रोज सकाळी एका कर्नलला हुकूम सोडता येतो, हे सुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

कर्नलचा उत्साह मात्र शिस्तीत बसणारा नव्हता. तो उभा राहिला की शेपटी हलायची असं नव्हे, शेपटी हलायची आणि तिच्यामागे तो हलायचा. साहेबांच्या बुटापासून पोस्टमनच्या पिशवीपर्यंत दिसेल ते तोंडात धरून तो गावभर मिरवायचा.

एकदा सहीचे कागद घेऊन बंगल्यावर गेलो होतो. साहेब वैतागून म्हणाले, “याला पाडलेलं पाखरू उचलून आणायला शिकवणारं इथं कोणी भेटत नाही.”

इथं मी गप्प बसायचं होतं. पण वाचणाऱ्या माणसाचा एक रोग असतो. जे वाचलंय ते आपल्याला येतं, असं त्याला वाटतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं एका इंग्रज शिकाऱ्याचं पुस्तक मी तेव्हा वाचत होतो.

“साहेब, त्याचं एक शास्त्र आहे,” मी म्हणालो.

साहेबांनी मान वर केली. “जोशी, तुम्हाला शिकारीतलं कळतं?”

“शास्त्र कळतं, साहेब.”

“मग घ्या हाती. दोन महिने देतो. माघाच्या आत मला हा तयार पाहिजे.”

माघ. लक्षात आलं ना?

खरं म्हणजे मी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. आमच्या घरात चातुर्मासात कांदाही उंबऱ्याबाहेर असायचा. पुस्तकात लिहिलं होतं की गोणपाटाची गुंडाळी करावी, तिच्यावर पक्ष्याची पिसं बांधावीत आणि ती फेकून कुत्र्याला आणायला शिकवावं.

घरी विषय काढला. बायको तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता सांगितलं, “पीस घरात आलं तर मी माहेरी जाते. बाबांना तोंडीच सांगते, कायम झाले नाहीत, पारधी झालेत.”

तेव्हा पिसांना फाटा दिला. माझ्या जेवणाच्या डब्याचं जुनं फडकं घेतलं, त्यात गोणपाट कोंबलं आणि चारी टोकांची गाठ मारली. पाखरू काय, पुरचुंडी काय, कुत्र्याला उचलायचं आहे ना? पुढे सातव्या प्रकरणात खरं मेलेलं पाखरू दाखवायला सांगितलं होतं, असं मागाहून कळलं. सातवं प्रकरण मी वाचलंच नव्हतं. त्याच्या पहिल्याच पानावर रक्तबिक्त होतं.

आता प्रश्न बाराचा, म्हणजे बंदुकीच्या आवाजाचा. आवाजाला घाबरणारं कुत्रं शिकारीच्या उपयोगाचं नाही, हे दुसऱ्याच प्रकरणात होतं. कारकुनाला बंदूक कोण देणार? पण माझी बुद्धी त्या दिवसांत फार चालत होती. कारखान्याच्या नव्या इमारतीचा पाया काळ्या खडकात खणायचा चालला होता. रोज दुपारी बाराला मुकादम लाल निशाण हलवायचा आणि सुरुंग उडायचा. माळ हादरायचा. असा बार फुकटात मिळत असताना बंदूक कशाला? आणि बारा वाजता मलाही सुट्टी असायची.

पहिल्या दिवशी सुरुंग उडाला आणि कर्नल माझ्या धोतराच्या सोग्यात शिरला. मी म्हटलं, “कर्नल, घाबरू नका.” हो, मी त्याला अहोजाहोच करायचो. साहेबांचं कुत्रं, नाव कर्नल, आणि मी हंगामी. अरेतुरे करायची माझी छाती नव्हती. “कर्नल, बसा. कर्नल, आणा. कर्नल, द्या.” कुंपणापलीकडचे पाथरवट हातातलं काम थांबवून ऐकायचे.

चौथ्या दिवशी तो धोतराबाहेर आला. आठव्या दिवशी सुरुंग उडताच मी पुरचुंडी फेकली आणि तो बाणासारखा सुटला. तोंडात अलगद धरून आणली, समोर बसला आणि माझ्या हातात दिली. मी गुळाचा खडा दिला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. उभ्या आयुष्यात माझं कोणी ऐकलं नव्हतं, बायकोनं नाही, शिपायानंही नाही. आणि हा जीव माझ्या एका शब्दावर जग सोडून पळत होता.

मग मी पुरचुंडी लपवू लागलो. झुडपात, दगडांच्या ढिगामागे, खड्ड्यात. सुरुंग उडाला की कर्नल नाक वर करायचा, एक घिरटी घालायचा आणि थेट तिथंच. एकदा तर माझी पुरचुंडी सोडून तो मुकादमाच्या भाकरीचं फडकं घेऊन आला. मी काय केलं असेल? दुप्पट गूळ दिला. न लपवलेलंसुद्धा शोधतो म्हणजे काय साधी गोष्ट आहे? मुकादमाची समजूत काढली आणि वहीत नोंद केली, ‘प्रगती अपेक्षेपेक्षा अधिक.’

पौषातल्या एका रविवारी साहेबांनी जीप काढली. इंद्रायणी ओलांडून निघोज्याच्या अंगाला गेलो. नदीत बदकं उतरली होती. काठच्या वावरांत कांद्याची लागण चालली होती, बायामाणसं ओळीनं वाकलेली. साहेब लव्हाळ्यात दबा धरून बसले. मागे मी, माझ्या शेजारी कर्नल. तो दगडासारखा स्थिर होता, फक्त शेपटीचं टोक थरथरत होतं.

साहेबांनी बार काढला. एक बदक गिरकी खाऊन समोरच्या लव्हाळ्यात पडलं.

“कर्नल, आणा,” मी म्हणालो.

कर्नल सुटला. नदीकडे पाठ करून.

साहेबांनी सावकाश मान वळवली. “जोशी, हा उलटा गेला.”

“वारा घेतोय, साहेब. पाचव्या प्रकरणात आहे.”

बांधापलीकडे तो दिसेनासा झाला आणि थोड्या वेळानं मान ताठ ठेवून, दौडत परत आला. माझ्यासमोर बसला. तोंडात एक फडकं होतं. साहेबांनी ते सोडलं. दोन बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि एक कांदा.

साहेबांनी भाकरी उलटूनपालटून पाहिल्या. “बदक कुठाय?”

“पहिल्या बाराला कधी कधी गोंधळतो, साहेब. नवी जागा आहे.”

दुसरा बार. दुसरं बदक पडलं, तेही समोरच. कर्नल पुन्हा बांधापलीकडे. या वेळी आणलेल्या फडक्यात पिठल्याचं लहान पातेलं होतं, वर भाकरी झाकण म्हणून ठेवलेली. साहेबांनी भाकरी उचलून आत पाहिलं. पिठल्याचा एक थेंब सांडला नव्हता. बांध, ढेकळं, पाटाचं पाणी, एवढं सगळं ओलांडून आणलेलं पिठलं जसंच्या तसं. मी घाबरलो होतोच, पण खोटं कशाला बोलू, अभिमानानं माझा ऊरही भरून आला होता.

“पुन्हा बघू,” साहेब दात आवळून म्हणाले.

तिसरा बार. तिसरं बदक नदीच्या धारेत पडलं. अलीकडच्या वावरातलं उघड्यावरचं बहुधा संपलं होतं. कर्नलनं नाक वर केलं, घिरटी घातली आणि नदीत उडी टाकली. बदक वाहत त्याच्या अगदी कानाजवळून गेलं. त्यानं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पलीकडच्या काठावर एका बाभळीखाली उडी मारून त्यानं फांदीला टांगलेलं गाठोडं काढलं आणि परत पाण्यात शिरला. ते ध्यान मी अजून विसरलेलो नाही. पौषातलं गार पाणी, मधे ओढ, आणि एवढासा जीव मान उभी ठेवून पोहतोय, गाठोडं पाण्याच्या वर, कोरडं ठक्क. साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली. का काढली ते त्यांनाही कळलं नसावं.

कर्नल आला, बसला, गाठोडं माझ्या हातात दिलं आणि गुळाची वाट बघत राहिला.

तेवढ्यात बांधावर सात-आठ माणसं उभी राहिली. हातात विळे, खुरपी. पुढे एक म्हातारा होता. गेनबा त्याचं नाव, हे नंतर कळलं. त्यानं साहेबांकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, ओळीनं मांडलेल्या तीन शिदोऱ्यांकडे पाहिलं आणि हात जोडले.

“सायेब, भूक लागली व्हती तर हाळी मारायची. आमी न्हाई म्हनलो असतो व्हय? भाकरीपायी बंदूक कशाला काढायची?”

मेजरसाहेब लढाईवर जाऊन आलेले होते. त्यांनी बंदूक हळूच पाठीमागे घेतली.

गेनबामागची एक बाई पदर सावरत पुढे आली. “तीन बार काढलं, तीन भाकऱ्या नेल्या. आता चौथा काढू नगा, दादा. माझी तेवढी राह्यलीय.”

मी पुढे झालो. “बाई, तसं नाही. हे शिकारी कुत्रं आहे.”

“त्ये दिसतंयच की,” बाई म्हणाली.

गेनबा कर्नलजवळ उकिडवा बसला. त्याचं तोंड उघडून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला. “जनावर लाखात येक हाय. पर ह्याला पाखरू कुनी दावलंय का कदी?”

साहेब माझ्याकडे वळले. “जोशी, पाखरू दाखवलं होतं ना?”

“साहेब, ते घरी जरा... पिसांची अडचण होती.”

“मग शिकवलंत कशावर?”

“पुरचुंडीवर.”

“कसल्या?”

“फडकं डब्याचं होतं, साहेब. आत गोणपाट होतं.”

“आणि बार?”

“रोजचा सुरुंग.”

“कितीचा?”

“बाराचा.”

साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “म्हणजे दोन महिने खपून तुम्ही या कुत्र्याला जेवणाची सुट्टी शिकवलीत.”

गेनबाला ते कळायला थोडा वेळ लागला. तोपर्यंत त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. सुरुवातीला सांगितलेले घोट अडकलेले गृहस्थ ते हेच. पाठीवर थापा मारून त्याला माणसात आणलं, आणि मग तो असा हसत सुटला की सगळं वावर हसायला लागलं. शेवटी गेनबानं सगळ्यांना बांधावर बसवलं. साहेबांच्या हातावर भाकरी ठेवली, माझ्या हातावर ठेवली. कर्नलला अख्खी भाकरी मिळाली. साहेब ठेचा खात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते ठेच्यानं की हातच्या गेलेल्या तीन बदकांमुळे, हे विचारायची ती वेळ नव्हती.

परतताना जीप साहेबच चालवत होते. कर्नल त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. मी मागच्या सीटवर बसून सासऱ्यांना लिहायच्या कार्डाचा मजकूर जुळवत होतो.

सोमवारी त्यांनी बोलावलं. “बसा, जोशी. टाइप करा.”

मी मशीनवर कागद चढवला. ते खिडकीबाहेर बघत सांगू लागले आणि मी बडवू लागलो. ‘उमेदवार कष्टाळू आहे. शिकवण्याची त्याची हातोटी थक्क करणारी आहे. त्यानं शिकवलेलं शिकणारा जन्मभर विसरत नाही.’

माझी बोटं हवेत तरंगायला लागली. साहेब थांबले, मिशी पुसली आणि पुढे सांगितलं, ‘मात्र आपण नेमकं काय शिकवतो आहोत, याची उमेदवाराला शेवटपर्यंत कल्पना नसते. सबब मुदत सहा महिन्यांनी वाढवावी, आणि तेवढ्या काळात त्याच्या हाताखाली कोणालाही देऊ नये.’

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं, साहेब.”

“तीन प्रती काढा. एक तुमच्याच फाइलला लावायची आहे.”

मी तीन प्रती काढल्या. तिन्ही ताडून पाहिल्या. कुठेही एक चूक नव्हती.