बर्नाडीनची संध्याकाळची कॅप्सूल

बर्नाडीन कोस्टेल्निक पाच वर्षं तोंडानं जेवली नव्हती. रक्ताची गाठ अडकून तिचं जवळजवळ सगळं लहान आतडं सडलं, ते काढावं लागलं, आणि तेव्हापासून छातीतल्या नळीला दुधासारख्या पाण्याची पिशवी लावून ती रोजची रात्र काढायची. ती राहते त्या पिट्सबर्गच्या टेकडीवर कोणाकडे कोबी शिजतोय हे कोपऱ्यावरच कळतं. तिथं ही शिक्षा जरा जास्तच होती. गेल्या जुलैत तिला कुणा अनोळखी माणसाचं आतडं बसवलं. सप्टेंबरात तिनं पहिला उकडलेला बटाटा खाल्ला, आणि ही बातमी नव्या पाद्र्याच्या बदलीपेक्षा वेगानं पसरली.

मग मार्च आला. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासाचे शुक्रवार, म्हणजे चर्चच्या तळघरात पिरोगी, पाण्यात उकडलेल्या करंज्याच. सकाळी सहाला डझनभर बायका लांब टेबलाशी बसतात: पारी लाटायची, बटाट्याचं सारण भरायचं, काठ बोटांनी चिमटायचे. चिमटणाऱ्यांच्या टोकाला खुर्ची मिळायला तिथं वीस वर्षं लागतात. बर्नाडीनला ती सतरा वर्षांतच मिळाली होती, आणि आजारपणाच्या आधी ती हे कोणाला विसरू देत नसे. टेबलावर राज्य आयरीन वासिल्कोबाईंचं, वय ब्याऐंशी. जेवायचा काटा घेऊन काठ दाबणाऱ्या बाईकडे त्या चर्चमध्ये टोपी घालून शिरलेल्या बाप्याकडे बघावं तशा बघत.

पहिल्या शुक्रवारी मास्क लावून बर्नाडीन आपल्या खुर्चीवर बसली. परकं आतडं टिकवायच्या कॅप्सूलनी हात कापत होते. पातेल्यात पाणी उकळलं तसं वासिल्कोबाईंनी डोकावून पाहिलं. काठ सुटून सारण पाण्यावर तरंगत होतं.

"बर्नी, तुझ्या पिरोगी कपडे काढून पोहतायत गं."

सगळ्या हसल्या. बर्नाडीनही हसली.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. या वेळी वासिल्कोबाई हळू बोलल्या, ते जास्त लागलं. "पुढच्या वेळी नाही जमलं तर बटाटे सोलायला बस. त्यात लाज कसली?"

सकाळी नऊला दोन कॅप्सूल, रात्री नऊला दोन. आठ महिने गजर वाजला की उठायचं, गिळायचं. दर पंधरवड्याला सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायचं, गर्दी टाळायची, कच्चं खायचं नाही. बरं होण्याचाच तिला कंटाळा आला होता. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिनं दोनातली एक कॅप्सूल परत डबीत टाकली. एकीनं काय होतंय, म्हणाली. मग रोजच टाकत गेली.

तिसऱ्या शुक्रवारी हात कापायचे जवळजवळ थांबले. तिची एकही पिरोगी फुटली नाही. वासिल्कोबाई नुसत्या "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं मिळालं की बायका वर्षभर पुरवून खातात.

रविवारी तिच्या पोटावरची पिशवी दुपारपर्यंत पाच वेळा भरली. नवं आतडं नीट रुळेपर्यंत त्याचं एक तोंड पोटावर उघडं ठेवतात, त्याला ही पिशवी लावलेली असते. एरवी दिवसभरात तीनदा रिकामी केली की भागे. कोबीनं झालं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. सोमवारी रक्त दिलं आणि दुपारी कॉलीनचा फोन आला. कॉलीन म्हणजे तिची नर्स. गोड आवाजात उलटतपासणी घेणारी.

"बर्नाडीन, रक्तात औषध बरंच कमी दिसतंय. उलटी वगैरे झाली का?"

"नाही."

"मग?"

बर्नाडीन ओट्याला टेकून उभी राहिली. खोटं रचायलाही त्राण नव्हतं. "संध्याकाळची एक सोडत होते. पिरोगीसाठी."

कॉलीनच्या आवाजातला गोडवा गेला.

"ऐका. तुमच्या अंगातल्या पहारेकऱ्यांना हे आतडं परकं आहे हे रोज नव्यानं कळतं. औषध त्यांना मारत नाही. एकमेकांना हाका मारून जमाव करू देत नाही, इतकंच. डोस कमी झाला की हाका सुरू. मूत्रपिंड असतं तर थोडं चाललंही असतं. आतडं स्वतःचे पहारेकरी घेऊन येतं, दोन्हीकडून कुरापती. पिशवी किती वेळा भरते?"

"पाच."

"आत्ता निघा. आतडं गेलं तर परत नळीवर, माहीत आहे ना?"

माहीत होतं. बॅग भरताना तिनं फ्रिजवर लावलेली, नळीच्या दिवसांतल्या पिशव्यांची जुनी यादी पाहिली. काढायची राहूनच गेली होती.

डॉक्टरांनी पोटावरच्या तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा चिमूटभर तुकडा तपासायला काढला. पहारेकऱ्यांनी काम नुकतंच सुरू केलं होतं. तीन दिवस स्टिरॉइडच्या बाटल्या लावल्या, कॅप्सूल पुन्हा दोन, आणि वर एक. चेहरा सुजला, झोप उडाली. पाचव्या दिवशी पिशवी तीनदाच भरली.

वासिल्कोबाई मास्क लावून भेटायला आल्या आणि कोट न काढता बसल्या.

"माझ्या एका टोमण्यासाठी?"

"दोन होते, वासिल्कोबाई."

"दोन तर दोन. पाच वर्षं तुझ्या नावाच्या मेणबत्त्या लावल्या मी, त्या काय फुकट होत्या?" मग पर्स चाचपत म्हणाल्या, "त्या नर्सचा नंबर दे."

लेंटच्या शेवटच्या शुक्रवारी बर्नाडीन तळघरात आली ती थेट बटाट्यांकडे वळली. वासिल्कोबाईंनी हाताला धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर एक काटा ठेवला. लाटणाऱ्या बाईनं लाटणं थांबवलं.

"बघताय काय? पाणी उकळतंय." मग बर्नाडीनकडे वाकून, "हात कापतोय ना?"

"कापतोय."

"छान. ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी मी कॉलीनला फोन करणार."

नऊ वाजता गजर वाजला. बर्नाडीननं पिठाचे हात पुसले, तिन्ही कॅप्सूल गिळल्या, आणि काटा उचलून पुढच्या पिरोगीचे काठ दाबायला घेतले. वाकडेतिकडे बसले. पण फुटले नाहीत.