गंगेचा गडू
तांब्याचा गडू चिंचेनं घासायला घेतला की त्या आंबट वासासरशी मला मस्तगडचं ते घर आठवतं. कापडाच्या दुकानामागं तीन खोल्या, त्यात आम्ही नऊ जण, आणि एकच खिडकी, तीही गोदामात उघडणारी. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मला नवऱ्याबरोबर चार दिवस हरिद्वारला जायचं होतं, घाटावर पाण्यात पाय सोडून नुसतं बसायला. पण आमच्या घरातून नुसतं बसायला कुणी कुठं गेलेलं नव्हतं. “कारण काय जायाचं?” सासूबाईंनी विचारलं. मी आधी हवापालट म्हणाले, मग देवदर्शन, मग नवस. शेवटी म्हणाले, “आपल्या देवघरात गंगा न्हाई. तुमच्यासाठी घेऊन येते.” त्या विरघळल्या. “मंग बराबर हाय. या जाऊन.” मी माळ्यावरची पिशवी काढून झटकूनही ठेवली. त्याच आठवड्यात शेजारच्या काकू हरिद्वारच्या यात्रेहून परतल्या, त्यांनी मावंदं घातलं आणि रिवाजाप्रमाणं जेवून निघणाऱ्या प्रत्येक घराला गंगाजल भरून तोंड झाळून बंद केलेला एकेक गडू दिला. सासूबाईंनी आमचा गडू माझ्या हातात ठेवला, अगदी मायेनं. “घे, तुझी गंगा घरीच आली. आता कशाला एवढा तरास?” मी पिशवी परत माळ्यावर टाकली; दुसरं कारण मला सुचलंच नाही. गडू अजून तसाच बंद आहे, दर दिवाळीला मी तो लख्ख करते. हरिद्वारचं पाणी मनमाडला गाडी बदलून आमच्या घरी आलं; मी अजून मनमाडच्या पुढं गेलेले नाही.