वाघाच्या जागेवर बर्फातला किडा

समस्त सावली तालुक्याला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या शाळेच्या भिंतीवरची वाघाची जागा एका समुद्री किड्याने बळकावली असून तो आजही तिथून हललेला नाही.

तो काढला मीच. ध्रुवाजवळच्या गोठत्या समुद्रात राहणारा, वीतभर लांब, पाठीवर खवले, दोन्ही कडांना राठ सोनेरी केस. शिकार दिसली की हा पठ्ठ्या घसा उलटा करून जबड्यासकट बाहेर काढतो. असा नट आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही झाला नाही.

तपासणीला आलेल्या साहेबांना तो आवडला नाही. आमच्या जिल्ह्यात स्टँडपासून चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येक भिंतीवर वाघच असतो.

“गुरुजी, इथल्या पोरांनी समुद्र कुठे पाहिलाय? हे पुसा आणि वाघ काढा.”

“म्हणूनच काढला, साहेब. पुसणार नाही.”

“मग मी पुसून घेतो,” म्हणत त्यांनी चुन्याची बादली मागवली.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या बाई हातातल्या पळीसकट माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“वाघ तं रोजच धानाच्या बांधीत येऊन राह्यला, साहेब. त्याले भिंतीवर काऊन पाहाचं?”