कळ आणि कल

विजयालक्ष्मी सिस्टरांशी माझी ओळख भांडणाने झाली. सासूबाईंची गर्भपिशवी काढली त्या संध्याकाळी दिल्लीतल्या द्वारकेची आमची शेजारीण भेटायला आली. पलंगाखाली लटकणारी लघवीची पिशवी बरी दिसत नव्हती, म्हणून मी ती उचलून चादरीत दडवली. सिस्टर कुठून तरी धावत आल्या. "मॅडम, बॅग ऊपर, तो गंदा पेशाब वापस अंदर! शरम से इन्फेक्शन नहीं रुकता." तेही शेजारणीसमोर! माझा पारा चढला.

बाई मूळच्या नेल्लोरच्या, सव्वीस वर्षं दिल्लीत. वॉर्डात सगळे त्यांना 'नलीवाली सिस्टर' म्हणत, अर्थात पाठीमागे. सकाळी आल्या की प्रत्येक खाटेशी पहिला प्रश्न एकच: लघवीची नळी आहे का, आणि असेल तर का आहे? ऑपरेशनपुरती घातलेली नळी एक दिवस जास्त राहिली की जंतूंना आयता रस्ता मिळतो, हे त्या डॉक्टरांनाही ऐकवायच्या. धुवून धुवून त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नळी काढायला आल्या. "नली निकाल दें, अम्मा?" सासूबाई कराडकडच्या, हिंदीशी त्यांचं उभं वैर. तोंड वाकडं करून पुटपुटल्या, "कळ... कळ येतीया गं." सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिल्लीतच जन्मले, वाढले. माझ्या मराठीतला ळ केव्हाच गळून पडलाय, आणि माझ्या पोटात नुसतं दुखतं, कळ कधी येत नाही. मी ठणकावून सांगितलं, "कल. कल निकालिए, बोल रही हैं."

सिस्टर ऐकेनात. मग मी थेट डॉक्टरांना गाठलं. अडुसष्ट वर्षांची बाई आहे, आजच्या दिवस तिला लघवीला उठवू नका म्हटलं. मी बोलायला लागले की समोरचा हो म्हणून मोकळा होतो, डॉक्टरही झाले. नळी राहिली.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना हुडहुडी भरून ताप आला. लघवीत जंतू निघाले. मी घाबरले, आणि घाबरले की माझी जीभ सुटते. तुमच्या वॉर्डात इन्फेक्शन झालंय, मी तक्रार करीन, असं सगळ्यांदेखत सिस्टरांना बोलले. त्यांनी नळी काढली, मला बाजूला सारलं आणि सासूबाईंजवळ बसल्या. "अम्मा, कल... क्या?"

सासूबाईंनी त्यांचा हात ओढून आपल्या ओटीपोटावर दाबला. "कळ गं बाई! कधीची सांगतीया, हितं कळ येतीया, काढा ती नळी."

सिस्टरांना शब्द नाही, पण हात कळला. मला दोन्ही कळले, आणि तोंड कुठे लपवावं ते कळेना.

औषध आणखी पाच दिवस चाललं, तेव्हा कुठे ताप हटला. घरी निघायच्या दिवशी वॉर्डातल्या एका नर्सने सांगितलं की इन्फेक्शनच्या नोंदीत सिस्टरांनी लिहिलंय: पेशंटला नीट विचारलं नाही, नातेवाइकावर विसंबले, चूक माझी. मी तडक त्यांच्याकडे गेले. "सिस्टर, गलती तो मेरी थी. मेरा नाम क्यों नहीं लिखा?"

"आप तो घर जाएँगी," त्या हात पुसत म्हणाल्या. "कल दूसरी अम्मा, दूसरी बहू. पूछना तो मुझे ही है ना?"

इतका मोठेपणा मी माझ्या ऑफिसात कुणाच्या खुर्चीत पाहिला नाही, माझ्या तर नाहीच.

"काय म्हणती ती?" सासूबाईंनी व्हीलचेअरवरून विचारलं. काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मी सगळं सांगितलं, माझ्या 'कल'सकट. 

"मग हितं काय हुबी ऱ्हायलीस? पाया पड तिच्या."